इतिवृत्तात नसलेलं

सभा सातला सुरू. हजर एकसष्ट.
खुर्च्या कमी पडल्या, म्हणून बिलियर्डच्या खोलीतून
बाकं ओढत आणावी लागली.
विषय क्रमांक चार:
पंच्याहत्तरीपुढच्यांना हिवाळी इंधन मदत,
घरटी दीडशे पौंड,
यंदापासून बंद करावी किंवा कसे.
मी चिटणीस. बोलायचं नाही, लिहायचं.

बाहेर उणे चार.
हॅथर्बीच्या उतारावर गाड्यांच्या काचा पांढऱ्याफटक.
आत जुने रेडिएटर ठणठणत होते
आणि ओल्या लोकरीचा वास सुटला होता.

कौन्सिलर ऑक्सटबींनी चष्मा पुसला, तिजोरीतला खडखडाट सांगितला,
मग म्हणाले, अंथरूण पाहून पाय पसरावेत.
मागच्या बाकावरून विल्फ रेस्ट्रिक:
पाय केव्हाचे पोटाशी घेतलेत, साहेब,
अंथरुणाचं काय ते बोला.
हशा.
(हशा मी लिहिला नाही.)

ड्युल्सी पॉमफ्रेट उभी राहिली, उंटाच्या रंगाचा कोट, मोत्यांची कुडी.
म्हणाली, माझे दीडशे गेल्या वर्षी
तेनेरीफला वाइनमध्ये गेले. मला नकोत.
कोणी तरी म्हणालं, मग परत का नाही केलेस?
ती म्हणाली, परत करायचा फॉर्म
नव्हता.
हे लिहिलं. हे खरं आहे, असा फॉर्म नाही.

मग कॅलम थर्लवेल, छातीशी बांधलेली मुलगी, झोपलेली.
हिच्या खोलीच्या भिंतीला काळी बुरशी आहे, म्हणाला.
हिला पंच्याहत्तर पुरी व्हायला
अजून चौऱ्याहत्तर वर्षं चार महिने आहेत.
थांबू का?
त्यावर कुणाला काही सुचेना.
विल्फनंही टोपी काढून मांडीवर ठेवली.

खरं तर इथेच मतदान व्हायचं.
पण एनिड ब्लेनकार्नचा हात वर.
वय शहाऐंशी, रेडिएटरला लागून खुर्ची.
कलम दोनमधला 'किंवा' कशासाठी?
उत्तर दिलं.
पुन्हा हात. कलम पाचमधला 'इत्यादी' म्हणजे कोण कोण?
मग चर्चगल्लीतला दिवा. मग नदीकाठचं बाक,
ज्याची फळी तुटून तीन वर्षं झाली.
अध्यक्ष म्हणाले, बाई, हे विषयाला धरून नाही.
धरूनच आहे, ती म्हणाली, जरा दम धरा.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं.
प्रत्येक प्रश्नागणिक
तिच्या कोटाचं एक बटण सुटत होतं.
चौथ्या प्रश्नाला हातमोजे निघाले.
सभागृहाचा नियम आहे, सभा संपली की बॉयलर बंद.
गार्थ रखवालदार दारात किल्ली घेऊन उभाच होता.

मला एकटीलाच कळलं असं नव्हे.
विल्फनं पाणीपट्टीचं विचारलं, जी आमच्याकडे नाहीच.
दोघी बहिणींनी मागच्या सभेचं इतिवृत्त
पुन्हा वाचून दाखवायला सांगितलं, सावकाश.
मी वाचलं. फार सावकाश वाचलं.
ड्युल्सीसुद्धा उठली, कुत्र्यांच्या घाणीबद्दल
सात मिनिटं बोलली, मोती चाचपत,
आणि एनिडनं सरकून
कॅलमला रेडिएटरजवळची जागा दिली.

दहा चाळीसला मतदान. बंदच्या बाजूने सात, विरुद्ध पाच.
ऑक्सटबींनी कागद आवरले, कुणाकडे न बघता.

कोणी उठलं नाही.
एनिडनं डबा उघडून आल्याची बिस्किटं फिरवली.
एक माझ्या टेबलावरही आलं.

सगळं लिहून झालंय, मतांसकट, सह्यांच्या जागेसकट.
'सभा समाप्त' यापुढे वेळ घालायची राहिलीय.
गार्थ माझ्याकडे बघतोय.
मी पेन झटकते,
शाई नीट उतरत नाही, असं म्हणते,
बॉलपेन असूनही.